दोन आखाड्यांतील मल्ल

मुष्टियुद्ध आणि मिश्र मल्लयुद्ध हे दोन्ही खेळ वरवर पाहता सख्खे भाऊ वाटतात; परंतु दोहोंची शिस्त निराळी आहे. मुष्टियुद्धात केवळ मुठीचा, आणि तोही कमरेच्या वरच, प्रहार मान्य असतो. खाली पडलेल्यास दहा अंक मोजेपर्यंत सावरण्यास अवसर मिळतो. मिश्र मल्लयुद्धात ठोसा, लाथ, कोपर आणि कुस्तीची पकड ही सारी शस्त्रे चालतात, आणि पडलेल्यास उसंत नसते. एका विद्येत नाव मिळविलेला मनुष्य दुसरीत कितपत टिकतो, हे पाहावयाचे तर कॅमेरूनच्या फ्रान्सिस एन्गानूची कारकीर्द पाहावी.

एन्गानूचा जन्म १९८६ साली बातिए येथे एका गरीब कुटुंबात झाला. बालपणीच तो वाळूच्या खाणीत मजुरीस लागला. मोठेपणी त्याला मुष्टियुद्धाचा ध्यास लागला, आणि त्यापायी २०१२ मध्ये त्याने देश सोडला. सहारा वाळवंट तुडवीत तो मोरोक्कोत आला, वारंवार अपयश पदरी घेऊन अखेर स्पेनला पोहोचला, तेथे काही काळ अटकेत राहिला आणि २०१३ मध्ये पॅरिसला आला. तेथे आरंभी त्याला डोक्यावर छप्परही नव्हते. ज्या तालमीने त्याला आश्रय दिला, तिच्या वस्तादाने त्याला मिश्र मल्लयुद्धाकडे वळविले.

त्याच्या ठोशाची कीर्ती लवकरच पसरली. परंतु जानेवारी २०१८ मध्ये स्टीपे मिओचिचच्या कुस्तीपुढे ती निष्प्रभ ठरली. पाच फेऱ्यांच्या त्या लढतीत एन्गानूचा दम संपला. त्याने ही उणीव भरून काढली. मार्च २०२१ मध्ये त्याने मिओचिचलाच दुसऱ्या फेरीत लोळवून अजिंक्यपद घेतले. जानेवारी २०२२ मध्ये तर, गुडघा दुखावलेला असताना, सिरिल गानला त्याने कुस्तीच्याच बळावर हरविले.

यानंतर त्याने जे केले ते विरळच. मल्लांना आरोग्यविमा असावा, पुरस्कर्ते निवडण्याची मुभा असावी, वाटाघाटींत त्यांचा प्रतिनिधी असावा, असे त्याचे म्हणणे होते. ते मान्य न झाल्याने जानेवारी २०२३ मध्ये अजिंक्यपद मागे ठेवून तो संस्थेबाहेर पडला.

मग मूळची इच्छा फळास आली. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी रियाध येथे, व्यावसायिक मुष्टियुद्धातील आपल्या पहिल्याच लढतीत, त्याने टायसन फ्यूरीस तिसऱ्या फेरीत खाली पाडले. दहा फेऱ्यांअंती तिघा पंचांपैकी एकाने एन्गानूच्या बाजूने, दोघांनी फ्यूरीच्या बाजूने कौल दिला. मार्च २०२४ मध्ये मात्र अँथनी जोशुआने त्याला दुसऱ्याच फेरीत निजविले. अंतर राखणे, पाय हलविणे, खांद्याच्या हालचालीवरून येणारा ठोसा ओळखणे, ही वर्षानुवर्षांची कमाई निव्वळ बळाने भरून निघत नाही.

पुढच्याच महिन्यात त्याचे तान्हे मूल दगावले. ते दुःख उराशी धरून ऑक्टोबर २०२४ मध्ये तो मिश्र मल्लयुद्धात परतला आणि रेनन फरेराला त्याने पहिल्याच फेरीत हरविले. बळाची मर्यादा त्याने अनुभवाने जाणली. परंतु श्रमाचे मोल ठरविण्याचा अधिकार श्रम करणाऱ्यालाही असतो, हा खाणीतल्या मजुराचा आग्रह त्याने अजिंक्यपदापुढेही सोडला नाही.