सरासरीत न सापडणारा उशीर

पितळी टोकन मुठीत धरून ज्यांनी बँकेतला बाक तासन् तास गरम केला आहे, त्यांना उशीर म्हणजे काय हे मी सांगायला नको. 1984 साली रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणावर अहवाल दिला आणि पुढे आमच्या परळच्या शाखेतही लेजरांच्या जागी संगणक आले. रोजचे काम झटपट होई. पण मध्येच पडदा मख्ख बसे आणि गिरणीतून निवृत्त झालेला खातेदार काउंटरवरच्या कारकुनालाच कामचुकार ठरवी. यंत्राला कोण बोलणार?

हार्ड डिस्क म्हणजे फिरती तबकडी. मिनिटाला 7200 फेरे, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे आठ मिलिसेकंद. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. वाचणारा दांडा योग्य वर्तुळावर सरकतो आणि हवा तो भाग खाली येण्याची वाट पाहतो. सारे मिळून दहा-पंधरा मिलिसेकंद.

मग एखादी मागणी दोन सेकंद का रखडते? कधी तबकडीचा तेवढा भाग खराब झालेला असतो आणि डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचून पाहते. कधी वीज वाचवायला ती थांबलेली असते. पुन्हा वेग घ्यायला काही सेकंद जातात. पुष्कळदा मात्र डिस्क आपले काम वेळेतच करत असते, पुढची रांगच लांब असते. लालबागला राजाचे दर्शन क्षणाचे, रांग कित्येक तासांची. 'किती वेळ लागला?' याची दोन उत्तरे आहेत, आणि ती वेगवेगळीच मोजली पाहिजेत.

सरासरी इथे फसवते. 999 मागण्या दहा मिलिसेकंदांत झाल्या आणि एक दोन सेकंद अडली, तर सरासरी निघते जेमतेम बारा! कागदावर सारे आलबेल. म्हणून प्रत्येक मागणी कधी आली, डिस्ककडे कधी गेली आणि कधी पुरी झाली, याची स्वतंत्र नोंद हवी. आम्ही टोकनावर वेळ लिहिली असती, तर कारकुनाच्या शिव्या निम्म्याने कमी झाल्या असत्या.

अशा बारकाईने मोजले की नवलाची कारणे सापडतात. 2008 साली सन मायक्रोसिस्टिम्समधले ब्रेंडन ग्रेग चालू डिस्कसमोर चक्क ओरडले, आणि आलेखावर उशिराचा उंच सुळका उठला. आवाजाच्या कंपनाने डिस्कचे काम अडले होते. विसर्जनाला ढोल-ताशे लालबागवरून जाताना रस्त्यालगतच्या कचेऱ्यांतल्या डिस्कचे काय होत असेल, हे कुणीतरी एकदा मोजून पाहायला हवे.