चंद्रावरचे डोंगर आणि चित्रकाराची नजर

दुर्बिणीतून पाहून चंद्राचे चित्र काढल्याची सर्वांत जुनी उपलब्ध नोंद इंग्लंडमधला गणिती थॉमस हॅरियट याची आहे. १६०९ च्या उन्हाळ्यात लंडनजवळच्या सायन हाउसमधून, वस्तू सहापट मोठी दाखवणाऱ्या दुर्बिणीने त्याने चंद्रकोर पाहिली आणि रेखाटली. त्या चित्रात उजेड-अंधाराची सीमा वेडीवाकडी आहे, काही काळपट डागही आहेत. मात्र ती रेषा अशी तुटक का, हे चित्रावरून कळत नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस इटलीतल्या पादुआमध्ये गॅलिलिओने चंद्राकडे दुर्बीण वळवली. नळीच्या पुढच्या टोकाला बहिर्गोल भिंग, डोळ्यापाशी अंतर्गोल, अशी तिची रचना होती. ती सुमारे वीसपट मोठे दाखवी. पण तिच्यातून दिसणारा आकाशाचा तुकडा इतका लहान की पूर्ण चंद्र एका वेळी मावत नसे. नळी हळूहळू सरकवत एकेक भाग पाहावा लागे.

अंधाऱ्या भागात, सीमेपासून बरेच आत, त्याला प्रकाशाचे ठिपके दिसले. दोन-तीन तासांत ते वाढत जात आणि उजळलेल्या भागाला येऊन मिळत. पहाटे दरीत काळोख असतानाच शिखरावर ऊन पडते, तसाच हा प्रकार होता. लहान डागांची सूर्याकडची बाजू काळी आणि पलीकडची कड उजळ होती, म्हणजे ते खळगे होते. आकाशातले गोल निर्दोष गुळगुळीत असतात, या ॲरिस्टॉटलच्या काळापासूनच्या समजुतीला याने तडा गेला.

काही ठिपके सीमेपासून चंद्राच्या व्यासाच्या विसाव्या भागाइतके दूर होते. व्यास दोन हजार मैल धरून गॅलिलिओने काटकोन त्रिकोणाच्या साध्या नियमाने हिशेब केला आणि डोंगरांची उंची चार मैलांहून जास्त काढली. मार्च १६१० मध्ये व्हेनिसला छापलेल्या ‘साइडेरियस नन्सियस’ या पुस्तकात हे सारे चित्रांसह आले. त्यानंतर हॅरियटने काढलेल्या चंद्रचित्रांत विवरे स्पष्ट दिसतात.

गॅलिलिओची दुर्बीण अधिक शक्तिशाली होती हे खरे, पण फरक तेवढ्यानेच पडला असे म्हणता येत नाही. त्याने चित्रकला आणि यथार्थदर्शन यांचा अभ्यास केला होता. सपाट कागदावरची सावली पाहून उंचवटा ओळखण्याची सवय त्याच्या डोळ्याला होती. तपकिरी शाईच्या पातळ थरांनी त्याने रंगवलेली चंद्रचित्रे फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपलेली आहेत. १६१३ मध्ये तिथल्या चित्रकारांच्या अकादमीने त्याला सदस्य करून घेतले.

त्याचा मित्र, चित्रकार लुडोविको चिगोली, याने हा नवा चंद्र थेट चर्चमध्ये नेला. रोमच्या सांता मारिया माज्जोरे चर्चमधल्या एका घुमटात त्याने १६१२ मध्ये येशूची आई मेरी हिचे भित्तिचित्र पूर्ण केले. अशा चित्रांत मेरीच्या पायाखालची चंद्रकोर नितळ रंगवण्याचा प्रघात होता. चिगोलीने ती विवरांनी भरलेली, दातेरी कडेची रंगवली.