मुरणाऱ्या पाण्याचे माप

पाऊस पडला की पाणी ‘मुरले’ असे आपण म्हणतो. पण मुरलेले सगळेच पाणी विहिरीला मिळत नाही. पाणीपातळीच्या वर माती, मुरूम आणि खडकाचा जो थर असतो, त्याच्या छिद्रांत पाणीही असते आणि हवाही. या असंपृक्त थरातून किती पाणी खाली पोहोचले हे कळल्याशिवाय किती उपसावे हे ठरवता येत नाही. म्हणून भूजलाच्या हिशेबात मी या थराला पहिले स्थान देतो.

फ्रान्सच्या दिजाँ शहरात आन्री दार्सी यांनी १८५६ मध्ये पाण्याने पूर्ण भरलेल्या वाळूतील प्रवाहाचा नियम मांडला. त्यात वाळूची वहनक्षमता ठरावीक होती. अर्धवट ओल्या मातीत ती ओलाव्यानुसार बदलते, हे अमेरिकेत एडगर बकिंगहॅम यांनी १९०७ मध्ये दाखवले. मोठी छिद्रे आधी रिकामी होतात आणि उरलेले पाणी बारीक छिद्रांत अडकून राहते. म्हणूनच भिजलेली वाळू चिकणमातीपेक्षा झरझर पाणी सोडते, पण सुकत आली की तिच्यापेक्षाही कमी.

माती पाणी किती जोराने ओढते, हे टेन्शिओमीटर सांगतो. पाण्याने भरलेली नळी, तळाशी सच्छिद्र चिनी मातीचा कप आणि वर दाबमापक, एवढेच त्याचे स्वरूप. ओढ साधारण ८० किलोपास्कलच्या पुढे गेली, की नळीत बुडबुडे होऊन मापन थांबते.

प्रत्यक्ष पुनर्भरणासाठी दुसरी युक्ती आहे. पावसाळ्यापूर्वी ट्रिटियम हा किरणोत्सारी हायड्रोजन असलेले थोडे पाणी जमिनीत ठरावीक खोलीवर सोडतात. पावसाळ्यानंतर थराथराने माती काढून ही खूण किती सरकली ते पाहतात. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने ही पद्धत दख्खनच्या बेसाल्ट प्रदेशातही वापरली. समजा, खूण ४० सें.मी. खाली गेली आणि त्या थराच्या आकारमानात २५ टक्के पाणी आहे. तर पुनर्भरण १०० मि.मी. झाले.

नवे पाणी जुन्याला खाली ढकलते, हे यातील गृहीतक. पण उन्हाळ्यात आपल्या काळ्या मातीला भेगा पडतात. त्या फुगून मिटेपर्यंत पाणी खुणेला वगळून थेट खाली उतरू शकते. म्हणून अशा शेतात ट्रिटियमचा आकडा मी एकटा वाचत नाही. शेजारच्या विहिरींची पातळी किती चढली, तेही त्याच्यासोबत मांडतो. उपशाची मर्यादा या दोन्हींवरून ठरवावी.