‘इयाशी’, ‘सेइयू’ व ‘ओशी’ : अ‍ॅनिमेच्या चाहत्यांची परिभाषा

दुःखकाळात जपानी अ‍ॅनिमेचा, म्हणजे चलच्चित्रमालिकांचा, आधार घेणाऱ्या प्रेक्षकाची मनोवृत्ती उकलण्यास जपानी भाषेतील तीन शब्द साहाय्यभूत ठरतात.

पहिला शब्द ‘इयाशी’. ‘इयासु’ म्हणजे वेदना शमविणे. त्या क्रियापदापासून हे नाम सिद्ध झाले. १९९५ मध्ये कोबे येथे भूकंप झाला व तोक्योच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला. त्यानंतरच्या वर्षांत या शब्दाचा प्रसार वाढला. संघर्ष जवळजवळ वर्ज्य करून नित्याचे जीवन संथपणे दाखविणारी ‘आरिया’ (२००५) ही मालिका या वर्गात मोडते.

दुसरा शब्द ‘सेइयू’. ‘सेइ’ म्हणजे आवाज, ‘यू’ म्हणजे नट. अ‍ॅनिमेत चेहरा रेखाटलेला असतो. श्वास, कंप व हुंदका मात्र खऱ्या माणसाचा असतो. व्याकूळ श्रोत्याची भक्ती चित्रावरून आवाजाच्या धन्याकडे वळते, ती यामुळेच.

तिसरा शब्द ‘ओशी’, अर्थात चाहत्याने निवडलेला कलावंत. ‘ओसु’ म्हणजे ढकलणे. त्यावरून पाठबळ देणे. येथे ‘दैवत’ हा मराठी प्रतिशब्द अपुरा पडतो. दैवत भक्ताला तारते. ओशीला चाहताच पुढे नेतो. ‘इयासु’ या क्रियेत चाहता कर्म असतो, ‘ओसु’ या क्रियेत तोच कर्ता होतो. दुःखाने निष्क्रिय झालेल्या मनास हे कर्तेपण मोलाचे वाटते.

तथापि हा कर्ता आपल्या कर्मास अपरिचितच असतो. हॉर्टन व वोल यांनी १९५६ मध्ये अशा एकतर्फी निकटतेस ‘पॅरासोशल’ ही संज्ञा दिली. सांत्वन खरे असले तरी परिचय खरा नव्हे. हा भेद विसरणाऱ्या चाहत्यास तोच आधार नव्या दुःखाचे कारण होऊ शकतो.