उन्हाळ्यातील नौकासहल आणि धक्क्याचा खर्च

वैशाखाचे ऊन तापू लागले की आपल्या पेडणे, डिचोली व आसपासच्या सभासदांच्या घरांतून एकच विषय निघतो. मुलांना सुट्टी आहे, पाहुणे आले आहेत, पुढे पावसाळा आणि पाठोपाठ चातुर्मास लागणार आहे. तेव्हा चार दिवस मोकळे आहेत तोवर नदीवर अथवा समुद्रावर एखादी सहल व्हावी. बेत ठरतो, होडीवाल्याकडे चौकशी होते, आणि भाडे ऐकताच घरातील वडीलधारी मंडळी मान हलवतात. ‘होडीवाले अलीकडे फार मागतात,’ हे वाक्य गेल्या काही वर्षांत आम्ही आपल्या बंधूंच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की या विषयाचा व्यापारी दृष्टीने विचार करावा असे मनात आले. प्रस्तुत लेख त्याच हेतूने लिहीत आहोत.

उभ्या मालाचे भाडे

आम्ही धान्याच्या घाऊक व्यापारात आयुष्य काढले. या धंद्यात पहिला धडा मिळतो तो असा की, चालता माल कमावतो आणि उभा माल खातो. रेल्वेची वाघीण मालधक्क्यावर येऊन उभी राहिली आणि ठरल्या वेळेत रिकामी झाली नाही, तर तिचे डेमरेज चढू लागते. उतरवलेली पोती धक्क्यावरच राहिली तर वारफेज पडते. तांदळाचा भाव तोच, पोती तीच, परंतु नफा मात्र त्या उभ्या राहण्यात झिजून जातो.

नावेचा हिशेबही असाच आहे. नाव पाण्यातून चालत असताना तिला इंधन लागते हे सर्वांना दिसते. ती धक्क्याला बांधलेली असताना काय लागते, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. धक्क्याचे अथवा नांगराच्या जागेचे शुल्क द्यावे लागते. रात्री राखणदार ठेवावा लागतो. तांडेल व खलाशी यांचा पगार नाव बसली म्हणून बसत नाही. पाण्याखालच्या भागाला शेवाळ व कालवे चिकटतात, ती खरवडून रंग काढावा लागतो. शिवाय २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यान्वये नोंदणी, तपासणी आणि विमा ही जबाबदारी असतेच.

आता या खर्चाला दिवस किती मिळतात ते पाहू. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते, आणि पावसाळी समुद्रावर सहलीची नाव नेण्याचा प्रश्नच नसतो. जुन्या चालीप्रमाणे लाकडी होड्या किनाऱ्यावर ओढून चुडतांनी शाकारतात, आणि नारळी पौर्णिमेस सागराला नारळ अर्पण केल्यावर पुन्हा लोटतात. म्हणजे थोड्या महिन्यांच्या कमाईवर बारा महिन्यांचा खर्च भागवायचा. ज्या दुकानाचे शटर पावसाळाभर बंद असते, त्याने उरलेल्या दिवसांत भाव कसा लावावा, हे आपणा व्यापाऱ्यांना कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही.

उन्हाळ्यातच भाव का चढतो?

याची कारणे साधी आहेत. नदीचे पात्र वाढत नाही, पण त्यावरील नावा वाढतात. पणजीला मांडवीच्या धक्क्यांवर सहलीच्या बोटी, कॅसिनोंच्या फेऱ्या आणि इतर वाहतूक यांची दाटी आपण पाहतोच. उत्तरेस शापोरा व तेरेखोल या नद्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे आहेत. ओहोटीला पाणी उतरले म्हणजे जरा मोठ्या नावेस निर्धास्तपणे उभे राहण्याजोगी जागा थोडीच उरते. मे महिना संपत आला की समुद्रावरील प्रत्येक मालकाला आपली नाव पावसापूर्वी नदीच्या आत सुरक्षित बांधायची असते. जागा थोडी आणि घेणारे फार, असा हा बाजार आहे.

त्यात पर्यटकांची भर पडली. पेडणे तालुक्यातील मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले व जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. मोरजी, मांद्रे, हरमल, केरी हा किनारा, जेथे पूर्वी बाहेरचा प्रवासी बेताने येई, आता विमानतळाच्या दारात आला आहे. दुसरी गोष्ट आपल्या घरातली. २०२५ पासून गोव्यात सहावीपासूनच्या बहुतेक वर्गांचे शालेय वर्ष एप्रिलमध्येच सुरू होऊ लागले. त्यामुळे पूर्वी एप्रिल व मे अशी विभागली जाणारी गर्दी मे महिन्यात एकवटते, म्हणजे नेमकी तेव्हा, जेव्हा नावांनाही बांधण्याच्या जागेची घाई असते.

उभी नाव मालकाला कशी खाते याचे मोठे उदाहरण डिचोलीकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. २०१२ साली खाणी बंद झाल्या. मध्यंतरी काम सुरू झाले, पण फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चपासून पुन्हा सामसूम झाली. खनिज वाहणाऱ्या बार्जी मांडवीच्या काठाला ओळीने बांधून पडल्या. त्या चालत नव्हत्या, तरी गंज चढत होता, राखण चालू होती, कर्जाचे हप्ते चालू होते. आमच्या पेढीवर बार्जीवरील खलाशांच्या कुटुंबांची खाती होती. महिन्याला फिटणारी उधारी सहा-सहा महिने पुढच्या पानावर ओढली जाऊ लागली, आणि पोत्याने तांदूळ नेणारी घरे पाच किलोवर आली. उभ्या नावेचा खर्च शेवटी कोणाच्या ताटातून जातो, ते त्या वहीत दिसत होते. यास्तव होडीवाला लुटतो असे म्हणण्यापूर्वी आपण थोडे थांबावे, अशी आमची विनंती आहे.

परतीचे भाडे

मग उपाय कोणता? घासाघीस करून भाडे तोडणे हा खरा उपाय नव्हे. नाव उभी राहण्याचा वेळ कमी करणे हा उपाय आहे. मालमोटारीचा मालक परतीचा माल मिळाला तर जाण्याचे भाडे आनंदाने कमी करतो. तोच न्याय येथे लावावा.

उदाहरणादाखल पणजीहून नार्वे येथे जाणारी सहल घेऊ. हा मार्ग चोडण व दिवाडी या बेटांमधून जातो. चोडणच्या टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्याची खारफुटी लागते. नार्वे येथे श्रीसप्तकोटेश्वराचे देवालय आहे, ज्याचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी १६६८ साली केला. तेथेच जैनकोट नावाच्या जागी आपल्या पूर्वजांच्या वस्तीच्या खुणा आहेत. पुढे गाडीरस्त्याने डिचोली तालुक्यातीलच कुडणे गाव गाठता येते. तेथील जुन्या जिनालयाचे अवशेष गुजीर या नावाने ओळखले जातात, आणि हे नाव गुर्जर व्यापाऱ्यांवरून पडले असे सांगतात. नदीच्या वाटेने आलेल्या व्यापाऱ्यांचे स्थान आपल्या मुलांनी नदीच्या वाटेनेच जाऊन पाहावे, यात औचित्यही आहे.

समजा, मंडळी ६० आहेत व एका नावेत ३० जणांची परवानगी आहे. जाण्यास दोन तास व येण्यास दोन तास धरू. नेहमीच्या पद्धतीने दोन नावा ठरवून सारेच नदीने गेले, तीन तास तेथे फिरले व परतले, तर प्रत्येक नावेचे सात तास, म्हणजे एकूण १४ तास भरतात. त्यांपैकी सहा तास नावा नुसत्या उभ्या असतात. याऐवजी ३० जणांनी सकाळी लवकर बसने निघून कुडणे व नार्वे पाहावे. उरलेल्या ३० जणांनी नावेने नार्वे गाठावे. तेथे सर्वांनी एकत्र भोजन करावे. नंतर बसने आलेल्यांनी नावेत बसावे, आणि नावेने आलेल्यांनी स्थाने पाहून बसने परतावे. नाव एकच, तास पाच, त्यांत उभा वेळ एकच तास. बसचे भाडे वेगळे पडेल, तरीही एकूण खर्चात किती अंतर पडते हे प्रत्येकाने आपल्या वहीत मांडून पाहावे.

पंचांग पाहून निघावे

या योजनेला तिथीची जोड दिली तर दुधात साखर. कोकणात जुना नियम आहे की तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ निघते. गोव्याच्या नदीमुखांशी भरती या हिशेबाच्या सुमारे तासभर आधी होते, आणि नदीत आत जाल तसतशी ती लांबते. अमावास्या अथवा पौर्णिमा यांपासून द्वितीयेपर्यंत पणजीस भरती सकाळी अकरा ते दुपारी साडेबारा या सुमारास येते. सकाळी नऊच्या आसपास निघालेली नाव चढत्या पाण्याबरोबर वर जाते, भोजन होईतो पाणी फिरते, आणि परतताना ओहोटी तिला खाली आणते. इंधन वाचते, वेळ वाचतो, आणि सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून चौविहार पाळणाऱ्यांचीही सोय होते. हा अंदाजाचा हिशेब आहे. निघण्यापूर्वी तांडेलास विचारून वेळ पक्की करावी.

पेडण्याच्या बाजूस जाणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. केरीहून तेरेखोलच्या किल्ल्याकडे जाण्यास सरकारी फेरीबोट आहे, तेव्हा नदी ओलांडण्यासाठी वेगळी नाव करून ती किल्ला पाहून होईपर्यंत उभी ठेवण्यात काही अर्थ नाही. समुद्रावर जायचे असल्यास सकाळीच जावे; उन्हाळ्यात दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो व पाणी खवळते. त्यापेक्षा फेब्रुवारी अथवा मार्चमधील एखादा रविवार साधला तर गर्दी कमी असते. मोरजी व मांद्रे येथे त्या दिवसांत कासवे अंडी घालण्यास येतात. तेथील राखीव किनाऱ्यावर नाव लावू नये, हे अहिंसाधर्मी समाजास सांगणे न लगे.

काटकसरीची मर्यादा

एका बाबतीत मात्र काटकसर करू नये. माणशी खर्च कमी पडावा म्हणून नावेत परवानगीपेक्षा जास्त माणसे बसवण्याचा मोह होतो. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, हे कोकण अद्याप विसरलेले नाही. तपासणीचा दाखला, सर्वांना पुरतील एवढी तरंगती जाकिटे आणि ठरलेली संख्या, हे पाहिल्यावाचून मुलांना नावेत बसवू नये.

आपल्या संघाच्या कार्यकारिणीस आमची नम्र सूचना अशी की, पुढील वर्षाची सहल दिवाळीनंतर लगेच ठरवावी, तिथी पाहून दिवस नेमावा, आणि नाववाल्यास आगाऊ रक्कम द्यावी. पावसाळ्यात नाव बांधलेली असते तेव्हाचा खर्च ज्याला सोसायचा आहे, त्याला हंगामाच्या आरंभी मिळालेले पैसे मे महिन्यातल्या पैशांपेक्षा मोलाचे वाटतात, आणि भावातही तो आपण होऊन सवलत देतो. आपल्यामुळे त्याला थांबावे लागले तर त्या वेळेचे दाम न मागता द्यावे. आपण वाघिणीचे डेमरेज भरतो तेव्हा रेल्वेशी वाद घालत नाही. गरीब तांडेलाशीही घालू नये.