दिवाणखाना हाच सेट

अलिबागेत जन्मलेले आदेश बांदेकर १३ सप्टेंबर २००४ रोजी झी मराठीवर ‘होम मिनिस्टर’ घेऊन आले आणि पाहता पाहता घराघरांतले ‘भावोजी’ झाले.

या कार्यक्रमाचा सेट म्हणजे कुणाचं तरी राहतं घर. संध्याकाळी दिसणाऱ्या भागाचं चित्रीकरण तिथेच व्हायचं. चाळीतल्या खोलीत कॅमेरे, दिवे आणि माणसं मावायची, तर सामान हलवल्याशिवाय गत्यंतर नसे. शेजारीपाजारी दारात दाटीवाटीने उभे. खेळ जिंकणाऱ्या वहिनीला पैठणी मिळायची, पण खरी गोडी गप्पांची. लग्न कसं जमलं, उखाणा कोणता, सासूबाईंचं कौतुक कशाचं! एरवी पाहुण्यांपुढे चहा ठेवून आत जाणारी बाई इथे मधोमध बसून मनमोकळं बोलायची. कार्यक्रमाचं हे मोठंच काम.

२०२० च्या टाळेबंदीत उंबरठा ओलांडणंच बंद झालं. मग ‘घरच्या घरी’ हे पर्व व्हिडिओ कॉलवर रंगलं.

२०२२ मध्ये ‘महामिनिस्टर’ या पर्वासाठी येवल्यात ११ लाखांची पैठणी विणली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात कार्यक्रमाने निरोप घेतला.