जावासाठी आयडीई कोणता घ्यावा?

जून-जुलै उजाडला की आपल्या मंडळींच्या घरांतून एक प्रश्न हमखास येतो. मुलगी इंजिनिअरिंगला, मुलगा बीसीएला लागलेला असतो, अभ्यासक्रमात जावा असते, आणि कोणी सांगते एक्लिप्स घ्या, कोणी म्हणते इंटेलिजेशिवाय नोकरी नाही. आपल्या हैदराबादेत तर विचारायलाच नको. अमीरपेठेतल्या एका गल्लीत जावाचे जितके फलक दिसतात तितकी मते. त्यात क्लासवाला सांगतो, सोळा जीबीचा लॅपटॉप लागेल. मग घरात हिशेब सुरू होतात.

आधी आयडीई म्हणजे काय ते पाहू. इंटिग्रेटेड डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट हे त्याचे लांबलचक नाव. स्वयंपाकघरात शेगडी वेगळी आणि ओटा वेगळा. शेगडी म्हणजे जेडीके: जावाचा कंपायलर आणि प्रोग्रॅम चालवणारे यंत्र त्यात असते. आयडीई हा ओटा. लिहिणे, तपासणे, चालवणे, चूक शोधणे हे सगळे हाताशी ठेवणारा. ओटा कितीही देखणा असला तरी शेगडीवाचून भाकरी भाजत नाही. म्हणून पहिल्यांदा जेडीके उतरवून घ्यायचा, आणि तोही दीर्घकाळ आधार मिळणारा, म्हणजे १७, २१ किंवा २५ या क्रमांकाचा. कॉलेजने जुना ८ सांगितला असेल तर परीक्षेपुरता तोच ठेवावा.

माझे मत थोडे जुन्या वळणाचे वाटेल, पण पहिले दोन आठवडे आयडीई घेऊच नये. साधा नोटपॅड, काळी खिडकी, हाताने ‘जावासी’ हा हुकूम देऊन कंपाइल करणे. फाइलचे आणि क्लासचे नाव जुळले नाही की काय होते, पॅकेज आणि फोल्डर यांचे नाते काय, क्लासपाथ म्हणजे काय, हे तिथेच कळते. आयडीईत हिरवा त्रिकोण दाबला की सगळे आपोआप होते, आणि मुलाखतीत कोणी विचारले की ‘हे बटण दाबल्यावर नेमके काय झाले?’ तर चार वर्षे शिकलेली मुलेही गप्प बसतात.

शाळकरी मुलांचे मात्र वेगळे. आयसीएसईच्या शाळांत नववी-दहावीला जावा असते आणि तिथे बहुधा ब्लूजे वापरतात. तो शिकवण्यासाठीच बनवलेला आहे. क्लास चौकोनात दिसतो, त्याच्यावर उजवी टिचकी मारून ऑब्जेक्ट तयार करता येतो, तो खालच्या पट्टीवर येऊन बसतो आणि त्याची मेथड थेट हाक मारून पाहता येते. ऑब्जेक्ट ही कल्पना फळ्यावर तास घालवून जितकी कळणार नाही तितकी इथे पाच मिनिटांत कळते. पुढे नोकरीत ब्लूजे कोणी वापरत नाही, पण म्हणून तो कमी दर्जाचा ठरत नाही.

आता मोठ्यांची त्रिमूर्ती. एक्लिप्स २००१ मध्ये आयबीएमने सर्वांसाठी खुला केला, आणि पुढे कितीतरी वर्षे जावा म्हणजे एक्लिप्स असेच समीकरण होते. बँका, विमा कंपन्या, सरकारी कामे यांचा बराचसा जुना कोड त्यातच लिहिला गेला. पूर्ण विनामूल्य, आणि फाइल साठवली की लगेच कंपाइल होते. त्रास एकच: वर्कस्पेस नावाचा प्रकार. नवख्याने फोल्डर दुसरीकडे हलवला की प्रोजेक्ट दिसेनासा होतो आणि घरात रडारड. पर्स्पेक्टिव्ह बदलला की खिडक्या गायब होतात, त्याही परत आणता येतात, पण ते कोणी सांगावे लागते.

नेटबीन्सचा जन्म प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात, १९९६ मधल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून. नंतर तो सनकडे, ओरॅकलकडे आणि आता अपाचेकडे आहे. खिडक्या आणि बटणे माउसने ओढून स्विंगचा फॉर्म बनवायचा असेल तर अजूनही तो सोयीचा. कॉलेजच्या छोट्या प्रकल्पाला पुरेसा आहे. यापलीकडे त्याच्यासाठी हट्ट धरू नये.

इंटेलिजे आयडिया हाही प्रागच्याच जेटब्रेन्स कंपनीचा, २००१ पासूनचा. कोडचा अर्थ समजून सूचना देण्यात त्याचा हात धरणारा मला तरी दिसलेला नाही. चाळीस ठिकाणी वापरलेल्या मेथडचे नाव बदलायचे, तर शिफ्ट-एफ-सहा दाबा, सगळीकडे बदलते. पूर्वी कम्युनिटी आणि अल्टिमेट अशा दोन आवृत्त्या वेगळ्या मिळत. आता डाउनलोड एकच आहे आणि विद्यार्थ्याला लागणारे जावाचे मुख्य काम त्यात पैसे न भरता होते. चाचणीची मुदत संपल्याचा निरोप आला म्हणून घाबरू नका, मूळ भाग चालूच राहतो. शिवाय विद्यार्थी असल्याचा पुरावा दिला की शिक्षणापुरता पूर्ण परवानाही विनामूल्य मिळतो.

हे इतके सविस्तर सांगायचे कारण म्हणजे पेनड्राइव्हवरून फिरणारी ‘क्रॅक’ आवृत्ती. ती कोणी फुकट दिली तरी घेऊ नका. असल्या फाइलींतून काय घरात शिरेल याचा नेम नाही, आणि त्याच लॅपटॉपवर बाबांचे बँकेचे व्यवहार चालतात. जी गोष्ट सरळ मार्गाने फुकट मिळते तिच्यासाठी हा उद्योग कशाला?

व्हीएस कोड हा खरे तर आयडीई नव्हे, एडिटर. पण जावाचे एक्स्टेन्शन घातले की बरेच काम भागते. गंमत अशी, की त्याच्या पोटात जावा समजून घेणारे यंत्र एक्लिप्सचेच आहे. चार जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर इंटेलिजे धापा टाकतो, तिथे हा बरा. घरात लॅपटॉप आहे आणि तो आठ जीबीचा आहे, तर नवा घेऊ नका. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवून घ्या. त्या खर्चात जो फरक पडतो तो पाहून क्लासवाल्याचा सल्ला आपोआप विसरला जाईल.

काही वर्षे घर सांभाळून पुन्हा नोकरीकडे वळणाऱ्या आपल्या भगिनींनाही एक सांगायचे आहे. तुमची बोटे एक्लिप्सच्या कळांना सरावलेली असतील, तर इंटेलिजेत ‘कीमॅप’ या सेटिंगमध्ये एक्लिप्स निवडता येते. मग फारसे नव्याने शिकावे लागत नाही. या मंडळींना आयडीईपेक्षा जावात मधल्या काळात झालेले बदल जास्त वेळ खातील. लॅम्डा आणि स्ट्रीम २०१४ च्या जावा ८ मध्ये आले, तिथून सुरुवात करावी.

जाता जाता एक आपल्या भाषेची गोष्ट. जावात व्हेरिएबलचे नाव देवनागरीत ठेवता येते, ‘वय’ किंवा ‘एकूण’ असे लिहिले तरी कंपायलर तक्रार करत नाही. कार्यालयात असे करू नये, पण घरी मुलांना शिकवताना जरूर करून पाहा. पडद्यावर ‘नमस्कार’ऐवजी प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर फाइलचे एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे का ते पाहा. जावा १८ पासून तेच मूळचे धरलेले आहे, त्याआधी विंडोजवर ते सांगावे लागे. तरीही विंडोजची काळी खिडकी कधी कधी अडते, तेव्हा आयडीईच्या आतल्या खिडकीत चालवून पाहावे.

शेवटी निवड करताना मुलाला शनिवारची एक दुपार द्या. एकच छोटा प्रोग्रॅम दोन आयडीईंत लिहायला सांगा, मुद्दाम एक चूक घाला, ब्रेकपॉइंट लावून एकेक ओळ पुढे सरकत ती शोधायला सांगा. ज्यात ती चूक लवकर सापडली, तो ठेवायचा. दुसरा लॅपटॉपवरून काढून टाकायचा, जागा तरी मोकळी होते.